कटाची गाठ

१९२९ साली कॉम्रेड डांगे प्रभृतींवर मीरतला भरलेला खटला मराठीत ‘कट’ आहे, हिंदीत ‘षड्यंत्र’. काकोरीच्या खटल्याचेही तेच. कायद्याच्या मराठी अनुवादातही ‘फौजदारीपात्र कट’ आहे. षड्यंत्र, कारस्थान असे भारदस्त शब्द हाताशी असताना दोन अक्षरांना हा मान का मिळाला असावा?

षड्यंत्रातले ‘षट्’ तांत्रिकांच्या षट्कर्मांतले असावे: वशीकरण, स्तंभन, उच्चाटन, मारण वगैरे. मराठीत हा शब्द हिंदी-बंगालीच्या वाटेने आलेला दिसतो. त्याचा रोख साधनांवर आहे. कारस्थान दिसायला संस्कृत, पण मूळ फारसी ‘कारिस्तान’ असावे. हिंदुस्तानचे हिंदुस्थान झाले तसेच हे. गंमत अशी, की फारसी ‘स्तान’ आणि संस्कृत ‘स्थान’ हे चुलतभाऊच, आणि ‘कार’ही ‘कृ’च्याच कुळातला. म्हणजे हे शुद्धीकरण घरातल्या घरात झाले! अर्थाने मात्र कारस्थान म्हणजे करणी, घडलेले कृत्य.

कट मात्र दक्षिणेकडचा असावा. कन्नडमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे. पुरणाच्या डाळीचा कटही तिकडचाच दिसतो. होळिगेबरोबर तिथे ‘कट्टिन सारु’ असतेच. मराठी माणूस कट रचतो तसा शिजवतोही, तेव्हा दोन्ही कट एकाच चुलीवर चढलेले दिसतात.

बांधणे हा अर्थ धरला, तर कायद्याशी तो नेमका जुळतो. इंग्रजी ‘कॉन्स्पिरसी’च्या लॅटिन मुळात एकत्र श्वास घेणे आहे, पण इंग्लंडच्या १३०५च्या फर्मानात कटवाले कोण, तर खोटे आरोप रचण्यासाठी शपथेने वा कराराने स्वतःला बांधून घेणारे. १६११मध्ये कोंबडीविक्रेत्यांच्या खटल्यात आणखी पुढचे पाऊल पडले: आरोप टिकला नाही, तरी एकत्र येऊन तो रचणे हाच गुन्हा. आपल्याकडे १८६०च्या दंडसंहितेत कट प्रामुख्याने अपप्रेरणेच्या पोटात होता. १९१३मध्ये कलम १२०-ब आले, आता न्याय संहितेत कलम ६१ आहे. गुन्हा करायचे ठरले की ठरवणेच पुरे. ठरलेली गोष्ट बेकायदा असूनही गुन्हा नसेल, तर मात्र त्या दिशेने एखादी कृती लागते. आणि माणसे किमान दोन हवीत. ‘एकटा’ या शब्दात कट दिसतो खरा, पण एकट्याने कट होत नाही!

दिवाणी कायदा मात्र नुसत्या गाठीने हलत नाही. तिथे कृत्य हवे, नुकसान हवे. १९०१च्या क्विन विरुद्ध लेदम खटल्यात आयर्लंडमधल्या एका खाटकाने कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांकडून भरपाई मिळवली, कारण त्यांनी संगनमताने त्याचे गिऱ्हाईक तोडले होते. तेव्हा फौजदारीला कट आणि दिवाणीला कारस्थान, अशी वाटणी केली तर व्युत्पत्तीला तरी मान्य व्हावी. संगनमत फिर्यादींसाठी राखीव आहेच. ‘आपसात संगनमत करून’ याशिवाय फौजदाराची लेखणी पुढे सरकत नाही.

राहता राहिला फितूर. हा अरबी ‘फुतूर’वरून आलेला दिसतो, आणि त्याचा मूळ अर्थ ढिलाई, शैथिल्य. कट म्हणजे बांधणे आणि फितूर म्हणजे सैल पडणे! कटाचा लेखी पुरावा क्वचितच सापडतो, म्हणून सरकार पक्ष माफीचा साक्षीदार शोधतो, म्हणजे गाठीतला सैल धागाच. पुढे तोच न्यायालयात उलटला, की वर्तमानपत्रे त्यालाही फितूर म्हणतात.