भाडेकरूच्या नावाने ओळखले जाणारे घर

वाड्याचा इतिहास लिहायचा म्हणजे आपल्याकडे खरेदीखतांची यादी करतात. बांधणारा सरदार, मग सावकार, शेवटी बिल्डर. गावाबाहेर ठेवलेल्या आपल्या माणसांचे नाव त्या खतांत येणार तरी कुठून? म्हणून लंडनच्या प्रिमरोज हिल भागातल्या १०, किंग हेन्रीज रोड या घराचा इतिहास आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याचे मालक बदलत गेले, पण घर ओळखले जाते ते १९२१-२२ मध्ये तिथे राहिलेल्या भाडेकरूच्या, बाबासाहेबांच्या नावाने.

१९१७ आठवा. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण पैसे मोजूनही त्यांना खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशी सराईत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. लंडनच्या घरात जात लपवावी लागली नाही.

हे घर विक्रीला निघाल्यावर तिथल्या आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते सुमारे ३० लाख पौंडांना विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. मात्र राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती! कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. हा आक्षेप जातीचा नव्हता, हे मान्य करू. त्या शहरात घरांची टंचाई आहे. पण बसमधून माणसे येतात, गोंगाट होतो, ही शेजाऱ्यांची तक्रार वाचून आम्हाला ६ डिसेंबरचे दादर आठवले. तिथेही दरवर्षी हेच ऐकतो. अखेर २०१९ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला मान्यता दिली.

आता मालक महाराष्ट्र सरकार आहे, आणि आमचा प्रश्न इथेच सुरू होतो. फोटो काढण्यापुरतेच हे घर उघडायचे का? परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला गेलेल्या आपल्या मुलामुलींना तिथे बसून अभ्यास करता आला पाहिजे. १९४१ मध्ये बाबासाहेबांनी दादरची स्वतःच्या मालकीची ‘चारमिनार’ इमारत ग्रंथांच्या खर्चापायी विकली होती.