राख, सोडा आणि मोरीमागची केळ

मुक्ताईनगरला जाताना गाव येण्याआधीच केळीच्या बागा सुरू होतात. (एदलाबाद हे गावाचे जुने नाव. वयस्कर मंडळींच्या तोंडी अजूनही तेच येते.) बागेत ठिबकच्या नळ्या असतात आणि पाणी अगदी मोजून दिले जाते. भर उन्हाळ्यात वाढलेल्या केळीला दिवसाला सुमारे २० लिटर पाणी लागते. आता गावात शिरा. गटारीतून साबणाचे पांढुरके पाणी वाहत असते. ते कोणी मोजत नाही. उताराने ते पूर्णा नदीकडे, आणि पुढे तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयाकडे जाते.

आपण ते मोजू. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज २२० लिटर पाणी बाहेर पडते. अकरा केळी त्यावर जगतील!

मग 'मोरीचे पाणी केळीला घाला' एवढे सांगून थांबावे का? जुन्या घरांच्या परसात मोरीमागे केळ, अळू, कर्दळ असायचीच. पण त्या मोरीतून येणारे पाणी आजच्यासारखे नव्हते.

खानदेशातल्या चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळत. त्या राखेने भांडी घासली जात. लाकूडफाट्याच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळते, पाणी अल्कधर्मी होते आणि भांड्याच्या तेलकटपणाशी संयोग पावून जागच्या जागी थोडासा साबणच तयार होतो. (राखेचे निवळलेले पाणी हळदीवर टाकून पाहा. हळद लाल होते.) हे पाणी मोरीमागे जाई, आणि केळ तर पोटॅशियमची विलक्षण भुकेली. कपाशीने शेतातून उचललेले पोटॅशियम चूल आणि मोरी करत केळीच्या घडात पोहोचे. हे कोणी ठरवून केले असेल, असे आम्हाला वाटत नाही. पाणी जवळ होते म्हणून केळ लावली, आणि ती फोफावली.

युरोपातही साबणासाठी राखच लागे. भांड्यात राखेचे पाणी आटवून जे उरे ते 'पॉट-अॅश', म्हणजे पोटॅश. १८०७ साली हंफ्री डेव्हीने त्याच्यापासून बनवलेल्या दाहक पोटॅशमधून वीज सोडून एक नवे मूलद्रव्य वेगळे केले आणि त्याला पोटॅशियम नाव दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने सोडियमही मिळवले. पण तोवर पोटॅशची सद्दी संपत आली होती. जंगले तुटत होती, राख अपुरी पडत होती. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोलस लब्लांने साध्या मिठापासून सोडा बनवण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. तिच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू इतका बाहेर पडे, की त्याला आवर घालायला ब्रिटनला १८६३ मध्ये कायदा करावा लागला. साबण मात्र स्वस्त झाला. त्यातल्या पोटॅशियमची जागा सोडियमने घेतली आणि धुणाऱ्या हातांना फारसा फरक कळला नाही.

पुढे कपडे धुण्याच्या पावडरी आल्या. भारतात १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली निरमा. जड पाण्यात साबण फुटतो, पावडर फुटत नाही, ही तिची मोठी सोय. सुरुवातीच्या काळातल्या पावडरींमधले फांद्या फुटलेले रेणू जीवाणूंना सहज पचत नसत. त्यामुळे १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. १९६० च्या दशकात सरळ साखळीचे रेणू वापरात आले, तेव्हा ती अडचण बरीच कमी झाली. पण पावडरीत धुण्याचा सोडाही भरपूर असतो, आणि सोडियम जीवाणू खात नाहीत. ते मातीत साठते.

इथे आपली काळी माती अडचणीत येते. तिचे सूक्ष्म कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून असतात. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, फुगतात आणि मातीची छिद्रे बुजतात. मग पाणी मुरत नाही, वर चिखल आणि वाळल्यावर दगड. अकोला-बुलढाण्याच्या ज्या खारपाण पट्ट्यातून पूर्णा वाहत येते, तिथल्या शेतकऱ्यांना सोडियमचा हा त्रास चांगलाच परिचयाचा आहे.

राख परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. ती राख ज्या चुलीतून येई, तिचा धूर घरातल्या बायका-मुलांच्या फुप्फुसात जात होता. गॅस आला हे चांगलेच झाले. करता येण्याजोगे आहे ते एवढेच, की मोरीच्या पाण्याचे दोन भाग करावेत. अंघोळीचे आणि तांदूळ, डाळी, भाज्या धुतल्याचे पाणी केळीला द्यावे, तेही त्याच दिवशी, साठवून नव्हे. नाहीतर वास येतो आणि डास होतात. पावडरीचे पाणी मात्र झाडांपासून दूरच्या शोषखड्ड्यात सोडावे. आणि मुळात पावडर मोजून घ्यावी. आपण बहुतेक जण लागते त्याहून जास्तच टाकतो.

मुलांना हे नुसते सांगू नका. दोन बाटल्यांत विहिरीचे पाणी आणि एकेक चमचा काळी माती घ्या. एकीत चमचाभर धुण्याचा सोडा घाला. दोन्ही खळाखळा हलवून खिडकीत ठेवा. साध्या पाण्याची बाटली लवकर निवळेल. सोड्याची दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. मग मुलांना विचारा, ही माती केळीच्या मुळाशी असती तर पाणी कुठून गेले असते?