उपटली तरी जगणारी झाडं

समजा, तुमच्या ऑस्टिनच्या किंवा न्यू जर्सीच्या घरात 125 गॅलनचा टँक आहे, म्हणजे साधारण 473 लिटर पाणी. आत एक ऑस्कर आहे. तो फूटभर वाढणार, हाताला ओळखणार आणि तुम्ही लावलेलं प्रत्येक झाड रात्रीतून उपटून वर तरंगत ठेवणार. मग दुकानात जाऊन तुम्ही विचारता, ‘सोपी झाडं कोणती?’

हा ‘सोपी’ शब्द वाटतो तितका साधा नाही. अमेरिकेतल्या कालव्यांचा आणि तळ्यांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास त्यात दडलेला आहे. त्या इतिहासात आपल्याकडचं पाणीही आहे.

मुळात टँकमध्ये झाडं आली ती शोभेसाठी नव्हे. 1849 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश ठेवले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया हे लांब पट्टीसारख्या पानांचं झाड लावलं. पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा ती खायला गोगलगाई सोडल्या. मासा, झाड आणि गोगलगाय एकमेकांना जगवतात, पाणी बदलावं लागत नाही, हे त्याने 1850 मध्ये मांडलं. वीज नव्हती, पंप नव्हता. झाड हाच पंप होता.

नंतर विजेवरचे पंप आणि फिल्टर आले आणि झाडाची ही नोकरी गेली. आज तुमच्या ऑस्करला ऑक्सिजन देणं हे झाडाचं काम उरलेलं नाही. मोठा शिकारी मासा भरपूर खातो, तेवढीच घाण करतो आणि ती निस्तरायला मोठा फिल्टर आणि नेमाने पाणी बदलणं लागतंच. झाडाने थोडं नायट्रेट शोषलं, थोडा आडोसा दिला आणि ते जिवंत राहिलं, एवढं पुरे. म्हणून बाजाराला अशी झाडं हवी होती, जी लांबचा प्रवास, कमी उजेड आणि हेळसांड सोसून जगतील.

अशा एका झाडाचं नाव तुमच्या आईबाबांना विचारा. शाळेच्या प्रयोगात चंचुपात्रात पाणी, त्यात उलटं नरसाळं, नरसाळ्याखाली एक पाणवनस्पती, वर परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे येतात. ती वनस्पती म्हणजे हायड्रिला. आपल्याकडे ती इतकी सहज मिळते की प्रयोगासाठी तीच वापरायची.

हीच हायड्रिला 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून श्रीलंकेहून अमेरिकेत आली आणि फ्लोरिडात टँपाच्या परिसरात पोचली. तिथे शोभेच्या माशांची शेती जोरात होती. काही जुड्या कालव्यात टाकल्या गेल्या आणि त्या तिथे मस्त वाढल्या. 1960 पर्यंत ती मायामीजवळच्या कालव्यात आणि क्रिस्टल रिव्हरमध्ये सापडली होती. पुढे 1997 मध्ये शास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या हायड्रिलाचा डीएनए तपासला, तेव्हा तो बंगळूरच्या नमुन्याशी जवळचा निघाला. गंमत म्हणजे या जातीची अमेरिकेतली सगळी झाडं मादी आहेत. एकही बी न पडता, फक्त तुटलेल्या तुकड्यांवर आणि गाळातल्या कंदांवर ती तळी व्यापत गेली. एका पेराचा तुकडाही पुरतो. तिला आवरायला 1987 मध्ये तिची पानं पोखरणारी एक बारीक माशीदेखील आपल्याच उपखंडातून नेऊन सोडली.

हायग्रोफिला पॉलिस्पर्मा हे दुसरं झाड, तेही भारतातलं. 1945 च्या सुमारास ते ‘ओरिएंटल लुडविजिया’ या नावाने अमेरिकेत विकलं जाऊ लागलं. दुकानदाराच्या लेखी आदर्श माल: काप, खोच, वाढलं. आज ही दोन्ही झाडं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहेत. एका राज्यातून दुसऱ्यात न्यायची तर परवाना लागतो.

म्हणजे उपटलं तरी मरत नाही, तुटलं की दोन होतात, हा जो गुण ऑस्करच्या टँकमध्ये आपल्याला हवासा वाटतो, तोच गुण कालव्यात आपत्ती ठरतो.

शिकारी मासेही याच वाटेने बाहेर पडले. दक्षिण अमेरिकेतला ऑस्कर 1950 च्या दशकापासून फ्लोरिडाच्या कालव्यांत आहे, आता लोक गळाने धरतात. आपल्याकडे मरळ म्हणतात त्या कुळातला एक मोठा मासा 2000 मध्ये फ्लोरिडातल्या टॅमरॅक गावाच्या पाण्यात सापडला. 2002 मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या तळ्यात चिनी मरळ सापडली आणि देशभर गाजली. त्याच वर्षी मरळीचं अख्खं कुळ जिवंत आयात करायला बंदी आली.

या बातम्यांची भाषा तुम्ही ऐकली असेल: ‘परकी’, ‘आक्रमक’, ‘आशियाई’. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ती जरा टोचते. पण उलटा प्रवासही बघा. पुण्यात मुळा-मुठेवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. तीही सुंदर जांभळ्या फुलांसाठीच जगभर नेली गेली. हायड्रिला इथून तिकडे गेली, जलपर्णी तिकडून इकडे आली. दोघींनी पासपोर्ट मागितला नव्हता. कुणीतरी त्यांना हौसेने आणलं आणि नको झाल्यावर पाण्यात टाकलं. त्यामुळे झाड मूळचं कुठलं, यापेक्षा ते कोणी आणि कुठे टाकलं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आता तुमच्या टँककडे वळू. ऑस्कर मांसाहारी आहे, त्याला पानं खाण्यात फारसा रस नसतो. तो उकरतो. तेव्हा वाळूत मूळ धरणारं झाड लावण्याऐवजी लाकडाला किंवा दगडाला बांधता येणारं घ्या.

पहिलं नाव अनुबियास. पश्चिम आफ्रिकेच्या ओढ्यांकाठचं, सावलीत वाढणारं, म्हणून त्याला इजिप्तच्या अनुबिस देवाचं नाव मिळालं. पानं चामड्यासारखी जाड. दुसरा जावा फर्न, म्हणजे एक नेचा. त्याला बहुतेक मासे तोंड लावत नाहीत. दोन्ही जड ड्रिफ्टवुडला दोऱ्याने घट्ट बांधा. आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दोन्हींना मंद उजेड चालतो आणि दोन्ही हळू वाढतात. इथे हळू वाढणं हाच गुण समजा.

तिसरं, वॉरिंग्टनचं व्हॅलिस्नेरिया. त्याची एक जात अमेरिकेच्या नद्यांमध्ये मूळचीच आहे. कॅनव्हासबॅक बदकाला ते इतकं आवडतं की बदकाच्या शास्त्रीय नावातही ते आहे. ज्या क्रिस्टल रिव्हरमध्ये हायड्रिला सापडली, तिथेच गेली काही वर्षं पाणबुडे तळाचा गाळ उपसून हे गवत हाताने लावताहेत. टँकमध्ये ते जड कुंडीत लावा आणि भोवती मोठे दगड रचा. तरीही ऑस्कर जिंकू शकतो.

चौथं तुमच्या आजीच्या खिडकीतल्या बाटलीतलं, मनी प्लांट. वेल टँकच्या बाहेर, फक्त मुळं पाण्यात. मुळांना जाळीच्या डब्यात ठेवलं की मासा ओढत नाही आणि नायट्रेट मात्र मुळं पितात.

दुकानात हायग्रोफिला गुलाबी शिरांच्या पानांची, गोड नावाची दिसली, तर लेबलवरचं शास्त्रीय नाव वाचा आणि आपल्या राज्याची यादी बघा.

आणि छाटलेलं काहीही, अगदी मनी प्लांटचं पानसुद्धा, तळ्यात, नाल्यात किंवा टॉयलेटमध्ये टाकू नका. पूर्ण वाळवा किंवा पिशवीत बंद करून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. ऑस्कर डोईजड झाला तर दुकान किंवा दुसरा हौशी पाळणारा शोधा. टँपाच्या त्या कालव्यात पडल्या होत्या त्याही काही नको झालेल्या जुड्याच होत्या.