गिरणीआधीचा ताग

पश्चिम बंगालमधलं बजबज हे ज्यूटच्या, म्हणजे तागाच्या, गिरण्यांचं गाव. हुगळीकाठच्या या गिरण्यांना तागाच्या सालीतला धागा लागतो. पाल्याशी त्यांना कर्तव्य नाही. कोवळा पाला जुड्या बांधून बाजारात येतो. बंगाली घरांत हे पाटशाक बेसनात बुडवून तळतात, नाहीतर लसूण-मिरचीवर परततात.

हे खाणं गिरण्यांच्या कितीतरी आधीचं. बंगालमधली पहिली ज्यूट गिरणी रिश्रा इथे १८५५ साली सुरू झाली. चौदाव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘प्राकृतपैंगल’ या छंदोग्रंथात मात्र केळीच्या पानावर तूपभात, मासे आणि नालिता, म्हणजे तागाची भाजी, वाढलेली आहे.

पान जवळून बघा. कडा करवती, आणि देठालगत दोन्ही बाजूंना केसासारखी बारीक शेपटी. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, नखाएवढं. शिजवलं की पान बुळबुळीत होतं. भेंडीही याच कुळातली. लांब शेंगांचा तोषा ताग चवीला बरा, गोल बोंडांचा पांढरा ताग कडू. त्या कडू पानांतून ‘कॅप्सुलारिन’ हे ग्लुकोसाइड वेगळं केल्याचं १९२२ साली प्रसिद्ध झालं. हाच पाला वाळवून त्याचं पाणी सकाळी पिण्याची बंगालमध्ये जुनी रीत आहे.

१९९९ साली जपानी संशोधकांनी तोषा तागाच्या पानांतली अँटिऑक्सिडंट फिनॉलिक द्रव्यं ओळखली. त्यात क्लोरोजेनिक आम्ल प्रमुख. कॉफीतही तेच असतं. जोडीला क्वेरसेटिनची साखरेशी बांधलेली रूपं, शिवाय क आणि ई जीवनसत्त्व. उन्हाच्या माऱ्यात पानात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-रेणूंना ही द्रव्यं आवर घालतात. परीक्षानळीत दिसलेला हा गुण पोटात गेल्यावर तसाच टिकतो असं मात्र नाही. म्हणून या पाल्याच्या नावावर कुणी गोळ्या विकू लागला तर मला ते पटणार नाही. ही भाजी आहे, तिला भाजीचाच मान द्यावा.

बियांची गोष्ट वेगळी. त्यांत हृदयावर परिणाम करणारी विषारी ग्लायकोसाइड्स असतात. बी कधीही खाऊ नये.

आपल्याकडे पावसाळ्यात शेतात आपोआप उगवणारी चुंच ही तागाचीच भावंडं. यंदा तण म्हणून उपटण्याआधी जाणत्या माणसाकडून ओळखून घ्या, आणि खाण्याजोगी जात असेल तर कोवळी पानं खुडून एकदा परतून बघा.