चष्मा घालवणारे लेसर : पद्धत कशी निवडावी?

शिक्षण वा नोकरीनिमित्त हैदराबादला स्थायिक झालेले अनेक तरुण चष्म्यापासून सुटका करून घेण्याचा विचार तेथेच करतात. १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी स्थापन केलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था या शहरातच आहे, आणि लेसरची सोय असलेली खासगी नेत्ररुग्णालयेही तेथे पुष्कळ आहेत. मात्र तपासणीला गेल्यावर पीआरके, लॅसिक आणि स्माइल अशी तीन नावे समोर येतात व रुग्ण गोंधळून जातो. ‘सर्वांत नवे ते सर्वांत चांगले’ हा समज येथे उपयोगी पडत नाही.

तिन्ही पद्धतींचे मूळ तत्त्व एकच आहे. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजेच कॉर्निया, लेसरने किंचित पातळ करून त्याचा बाक बदलला जातो. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. उणे नंबर घालवताना प्रत्येक डायॉप्टरमागे सुमारे १२ ते १५ मायक्रॉन ऊती खर्ची पडते आणि ती पुन्हा तयार होत नाही.

पीआरके ही तिघींतील सर्वांत जुनी पद्धत. हिच्यात कॉर्नियावरील पेशींचा नाजूक थर दूर करून थेट लेसर दिला जातो. हा थर पुन्हा भरून येईपर्यंत तीन-चार दिवस वेदना होतात, आणि दृष्टी स्थिर होण्यास काही आठवडे लागतात. तथापि, येथे पापुद्रा कापला जात नसल्यामुळे पातळ कॉर्नियासाठी, तसेच डोळ्यावर मार बसण्याची शक्यता असलेल्या खेळाडूंसाठी ही पद्धत बहुधा सुचवली जाते.

१९९०च्या सुमारास पुढे आलेल्या लॅसिकमध्ये सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलून त्याखाली लेसर दिला जातो. वेदना अल्प असतात आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसते. मात्र पापुद्रा कापताना सूक्ष्म मज्जातंतू तुटल्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडू शकतात, आणि जोराचा मार बसल्यास पापुद्रा सरकण्याची शक्यता पुढेही राहते.

स्माइलमध्ये कॉर्नियाच्या आतच एक चकतीवजा तुकडा घडवून तो दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. पापुद्रा नसल्याने कोरडेपणा तुलनेने कमी जाणवतो. परंतु तितक्याच नंबरासाठी लॅसिकपेक्षा थोडी अधिकच ऊती काढावी लागते आणि उरलेला नंबर पुढे दुरुस्त करणे तितकेसे सोपे नसते. ही पद्धत मुख्यतः उणे नंबरासाठी आहे.

एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. कॉर्निया ५०० मायक्रॉनचा आणि नंबर उणे ६ असेल, तर लॅसिकमध्ये पापुद्र्याचे ११० व लेसरचे सुमारे ९० असे २०० मायक्रॉन, म्हणजे ४० टक्के जाडी बाधित होते. हे प्रमाण धोक्याच्या सीमेवरचे मानले जाते. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन ऊती शाबूत राहावी, हा जुना दंडक. अनेक डॉक्टर आता त्याहून अधिक राखणे पसंत करतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न केराटोकोनसचा. या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागातील तिशीपुढील लोकांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कॉर्नियाच्या बाकाचा निकष लावून हे प्रमाण २.३ टक्के आढळले होते. म्हणजेच हा विकार आपल्याकडे दुर्मीळ मानून चालणार नाही. सुप्तावस्थेत तो चष्म्याच्या तपासणीत कळत नाही. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी वा टोमोग्राफी करावीच लागते. अशा डोळ्यावर लेसर झाल्यास कॉर्निया अधिकच फुगून दृष्टी कायमची बिघडू शकते. घरात कोणाला हा विकार असल्यास, किंवा डोळे सतत चोळण्याची सवय असल्यास, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

नंबर किमान वर्षभर स्थिर असावा व वय अठरा वर्षे पूर्ण असावे. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात शस्त्रक्रिया टाळावी. तपासणीपूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, तर कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागतात. सैन्यदल वा पोलीस भरतीची इच्छा असलेल्यांनी वैद्यकीय निकष आधीच वाचावेत. लेसर सोसणार नाही अशा निरोगी डोळ्यात भिंग बसवण्याचा पर्याय तपासता येतो.

गोव्यातून केवळ शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांनी पुढील तपासण्यांचे दिवसही हिशेबात धरावेत; पीआरकेनंतर पहिला आठवडा तेथेच राहणे सोयीचे. तसेच लेसरने दूरचा नंबर गेला, तरी चाळिशीचा चष्मा यथाकाळ लागतोच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कॉर्नियाची जाडी किती, त्याचा आकार निर्दोष आहे का आणि शस्त्रक्रियेनंतर किती ऊती उरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. ‘तुम्ही लेसर करू नये’ असे डॉक्टरांनी सांगितल्यास, जो तसे करण्यास तयार होईल असा दुसरा डॉक्टर शोधण्याऐवजी नकाराचे कारण नीट समजून घ्यावे.