अपघात, भरपाई आणि वकील

मंडळी, गिरणीच्या पट्ट्यात कुणाचा हात सापडतो, मळणी यंत्रात कुणाची बोटं जातात. घरची चूल त्याच हातावर पेटत असते. मग एक शेजारी म्हणतो, "आधी वकील गाठ." दुसरा म्हणतो, "वकिलाच्या नादी लागू नकोस, हाती काही उरायचं नाही." दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. कोणतं केव्हा खरं, हे समजण्यासाठी जरा इतिहासात डोकावू.

इंग्लंडात एका खाटकाकडे प्रीस्टली नावाचा नोकर होता. मालाच्या ओझ्यानं गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. ज्यूरीनं त्याला शंभर पौंड देवविले. पण १८३७ साली वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. नोकराला धोका ठाऊक होता, त्यानं काम नाकारायचं होतं, असा त्याचा मथितार्थ. पुढे सोबतच्या कामगाराची चूक असली तरी मालक सुटू लागला. वकिलावाचून पाऊल हलेना, आणि वकिलाला द्यायला पैसा नसे. हा पेच १८९७च्या ब्रिटिश कायद्यानं बराचसा सोडवला.

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. चूक कुणाची, हा प्रश्न मागं पडला. कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला, एवढं दाखवलं की पुरे. मृत्यू आला तर तीस महिन्यांचा पगार, पण जास्तीत जास्त २,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी खरी. परंतु ती मालकाची मेहेरबानी नव्हती, हक्क होता.

दावा दिवाणी कोर्टात न जाता खास नेमलेल्या कमिशनरपुढे चाले. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याच्या इच्छेनुसार कमिशनरनं आपल्या देखरेखीखाली अर्ज तयार करवून द्यावा, असं कलमच होतं. वकिलाऐवजी नोंदलेल्या कामगार संघटनेचा पदाधिकारीही बाजू मांडू शके. म्हणजे वकिलाशिवाय काम व्हावं, हाच कायद्याचा हेतू होता बरं का!

मग वकील केव्हा लागतो? मालक अपघात कबूल करतो, पगाराचा आकडा खरा सांगतो, डॉक्टरच्या दाखल्यावर वाद नाही, तर सहसा लागत नाही. पण मालक म्हणाला, "हा माझा माणूसच नव्हे, ठेकेदाराचा आहे," तर सावध व्हा. कायद्यानं मूळ मालकालाही जबाबदार धरलं आहे, पण ते सिद्ध करावं लागतं. "दारू प्यायला होता," "मुद्दाम नियम मोडला," असे आरोप आले, किंवा अपंगत्व किती टक्के यावर तंटा पडला, तरी जाणकार वकील हवा. मृत्यूनंतर वारसांत मतभेद असले, किंवा प्रकरण हायकोर्टात अपिलात गेलं, तर नक्कीच हवा. कारण तिथं कायद्याच्या मुद्द्यावरच लढत होते.

एक धोका फार जुना आहे. मालक हातावर थोडे पैसे ठेवून कागदावर अंगठा घेतो. हक्क सोडून देण्याचा करार १९२३च्या कायद्यानंच रद्दबातल ठरवला होता, आणि तडजोड कमिशनरकडे नोंदवावी असा दंडक घातला होता. तेव्हा कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. गुरुजी, इथं तुमचं काम आहे. गावात तो कागद वाचून दाखवणारं विश्वासाचं माणूस बहुधा तुम्हीच असता.

२००९च्या दुरुस्तीनं कायद्याच्या नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं तो पोटात घेतला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ चौकट मात्र तीच आहे. दाव्याची मुदत सुरुवातीला सहा महिने होती, ती वाढत दोन वर्षं झाली; पण तेवढी वाट पाहू नका. अपघाताची खबर लगेच लेखी द्या, दवाखान्याचे कागद, हजेरी आणि पगाराचा पुरावा जपून ठेवा. राज्य विमा योजनेत नाव असेल, तर मालकाकडे नव्हे, त्या महामंडळाकडे मागणी करा.

आणि वकिलाला पैसे नसतील तर? १९८७च्या कायद्यानं औद्योगिक कामगारांना, स्त्रियांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळण्याची सोय केली. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करा. प्रीस्टलीला जी वाट नव्हती, ती तुम्हाला आहे.