उकिरड्यापासून इंदुरी खतापर्यंत

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप घेऊन त्यांची सून आली तेव्हा मी मंडळाच्या मागील अंगणात खड्ड्यातला पाला वरखाली करीत होते. विषय कोणता, असे विचारले तर ती हसून म्हणाली, "काकू, हाच लिहा. दोन वर्षे सगळ्यांच्या तोंडी हाच आहे." हे मात्र खरे. आपल्या या खड्ड्यावरून जितके बोलणे झाले तितके संक्रांतीच्या वाणावरूनही कधी झाले नसेल. खड्डा ठेवावा, की बुजवून तेथे फरशी घालावी, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेपुढे आहेच. तेव्हा मत देण्यापूर्वी भगिनींनी या खताची कुळकथा ऐकावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.

मी शहरात वाढलेली. १९६८ साली लग्न होऊन सातारा जिल्ह्यातील एका गावी गेले. घरामागे उकिरडा होता. गोठ्यातील शेणघाण, चुलीतील राख, झाडलोटीचा केर, भाज्यांची देठे, जनावरांपुढचे उष्टे वैरणकाड, सारे तेथे जायचे. माहेरच्या मैत्रिणी यायच्या म्हटले की मला त्या उकिरड्याची लाज वाटे. सासूबाईंना मात्र त्याचा अभिमान! दिवाळीत तुळशीपाशी, गोठ्यात आणि उकिरड्यावर पणती लावल्याखेरीज त्या घरातील पणत्या लावीत नसत. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी म्हण आपण सगळ्या बोलतो. त्या म्हणत, "बारा कशाला, आपला दर वैशाखात फिटतो." वैशाखात गाड्या भरून खत शेतात जाई आणि ढिगाढिगांनी टाकून विस्कटले जाई.

पण उकिरडा म्हणजे उत्तम खत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उन्हात त्याचा कस उडून जाई, पावसात उरलासुरला ओढ्याला मिळे. खालचे कुजलेले, वरचे कच्चे, आणि कच्च्या शेणातून हुमणी शेतात जाई. जनावरांचे मूत्र तर गोठ्याच्या जमिनीतच जिरे. त्याचा हिशोब कोणीच धरीत नसे. शिवाय निम्मेअधिक शेण उकिरड्यापर्यंत पोचतच नसे. त्याच्या गोवऱ्या होत. उन्हाळाभर गोवऱ्या थापून हुडवा रचणे हे आम्हां बायकांचेच काम, आणि पावसाळ्यात चूल पेटायची तर दुसरा उपायही नव्हता.

याच गोष्टीवर एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने फार पूर्वी बोट ठेवले होते. डॉ. व्होल्कर हे १८८९ साली सरकारच्या वतीने हिंदुस्थानची शेती पाहावयास आले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. शेतकरी अडाणी म्हणून शेण जाळतो असे नसून त्याला सरपण मिळत नाही म्हणून जाळतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्याच्याही आधी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगरावरील पालापाचोळ्याचा नि कुजलेल्या द्रव्यांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत कसा येत असे आणि जंगलखात्याच्या बंदोबस्ताने शेतकऱ्याचे काय नुकसान झाले, हे मांडले आहे. म्हणजे खताचा प्रश्न हा सरपणाचा, जंगलाचा आणि चुलीचाही प्रश्न होता. चुलीचा म्हटला की तो बायकांचा झाला. पण अहवाल लिहिणाऱ्यांनी चुलीपाशी बसणारीला काही विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

शहरांची गोष्ट याहून निराळी, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. गेल्या शतकाच्या आरंभी पुण्यासारख्या शहरांतील मैल्यापासून राख-केर मिसळून सोनखत करीत व उसाचे मळेवाले ते विकत घेत. नाव सोन्याचे! परंतु तो मैला डोक्यावरून वाहून नेणारी माणसे ठराविक जातींचीच असत, आणि त्यांच्या वाट्याला सोने कधी आले नाही. हे काम करून घेणे कायद्याने बंद व्हावयास १९९३ साल उजाडले, आणि त्यानंतर २०१३ साली पुन्हा अधिक कडक कायदा करावा लागला. खड्ड्यातले पालटण्याचे काम "एखादा माणूस लावून करून घ्या" असे आपल्या सभेत सुचविले गेले तेव्हा मी विरोध का केला, याचे कारण या इतिहासात आहे.

आता मुख्य कथेकडे वळते. चीन, कोरिया आणि जपान येथील शेतकरी हजारो वर्षे त्याच जमिनीतून पीक घेतात ते कसे, हे पाहावयास अमेरिकेचे प्राध्यापक किंग १९०९ साली तिकडे गेले. पालापाचोळा, कालव्यातील गाळ, राख, मैला, यांतील काडीही तेथे वाया जात नसे. त्यांनी त्यावर ग्रंथ लिहावयास घेतला. पण तो छापून होण्यापूर्वीच १९११ साली ते वारले. पुस्तक बाहेर काढले ते त्यांच्या पत्नी कॅरी किंग यांनी. त्या बाईंनी कागद पेटीत घालून ठेवले असते, तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. कारण हेच पुस्तक आल्बर्ट हॉवर्ड यांच्या हाती पडले.

हॉवर्ड १९०५ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथे आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला तो गॅब्रिएल मथाई यांच्याशी. ही बाई केवळ साहेबाची मडम नव्हती. केंब्रिजमध्ये तिने पाने उजेडात अन्न कसे तयार करतात यावर मोलाचे संशोधन केले होते. पुशात कित्येक वर्षे नवऱ्याच्या बरोबरीने तिने गव्हाच्या जाती निवडल्या. १९१० साली तिला नवऱ्याची मदतनीस म्हणून सरकारी जागा मिळाली आणि १९१३ साली दुसरी वनस्पतिशास्त्रज्ञ ही पदवी मिळाली. त्या काळी बाईमाणसाला शेतकी खात्यात एवढे पद म्हणजे नवलच! हॉवर्ड नेहमी म्हणत, की माझे खरे गुरू दोन, येथील शेतकरी आणि पिकावरची कीड. घरात तिसरा गुरू होता, असे मला आपले वाटते.

१९२४ साली दोघांनी इंदूरला नवी संस्था काढली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. कापूस समिती व मध्य हिंदुस्थानातील संस्थाने यांनी पैसा पुरविला. जमीन काळी, कापसाची, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. तेथे कापसाच्या पऱ्हाट्या, तण, उसाचे पाचट आणि गळलेला पाला यांचे खत कसे करावे याचे प्रयोग सुरू झाले. या कामातील रसायनाची बाजू सांभाळली ती यशवंत वाड यांनी. १९३१ साली ऑक्सफर्डने या पद्धतीवरचे पुस्तक छापले तेव्हा त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे होती. आज जगभर हॉवर्डांचे नाव घेतात. वाडांचे नाव इंदूरच्या मराठी घरांतूनसुद्धा फारसे ऐकू येत नाही. गॅब्रिएलबाई तर पुस्तक निघण्यापूर्वीच, १९३० साली, वारल्या. हॉवर्डांनी १९४० सालचा आपला गाजलेला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, एवढे त्यांनी केले.

इंदुरी पद्धत ऐकावयास सोपी आहे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल फक्त २ फूट. कारण खोल गेले की हवा पोचत नाही. पऱ्हाट्या आधी रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली चिरडून मऊ होतात. मग तो काडीकचरा बैलांखाली अंथरायचा. गोठ्याची जमीन फरशीची न करता मातीचीच ठेवायची, आणि मूत्राने भिजलेली सहा इंच माती दर तीन-चार महिन्यांनी खणून काढून तीही खतात घालायची. काय युक्ती! सासूबाईंच्या गोठ्यात जिरून गेलेले सारे धन मला हे वाचताना आठवले. थरावर थर द्यायचे: काडीकचरा, शेण, मूत्राची माती, लाकडाची राख, विरजण म्हणून जुन्या खड्ड्यातले थोडे खत, आणि वर पाण्याचा शिडकावा. दहा-पंधरा दिवसांनी पहिली पालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार. आतली ऊब सुरुवातीला साठ अंशांपुढे जाते. हात घालवत नाही. तण्याचे बी नि किडीची अंडी त्यातच मरतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करीत.

यातील खरी नवी गोष्ट होती ती प्रमाणाची. सुका पाला-काडी म्हणजे कर्ब, शेण नि हिरवा ओला माल म्हणजे नत्र. आरंभी तेहतीस भाग कर्बाला एक भाग नत्र असावे, असे या मंडळींनी मोजून ठरविले. आपल्या आज्या-पणज्यांना ढीग माहीत होता, माप माहीत नव्हते. साहेबाने सारे आपल्याकडूनच नेले, असे हल्ली अभिमानाने म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याने आपल्याला शिकविले हेही अर्धेच खरे. ढीग येथला व चीनचा, माप इंदूरच्या प्रयोगशाळेचे.

पुढे ही पद्धत केनियाच्या कॉफीच्या मळ्यांपासून कोस्टारिकापर्यंत पोचली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले असता त्यांनी मुद्दाम हे खताचे काम पाहिले. बंगलोरला डॉ. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास शहरातील केर व मैल्यासाठी न पालटता, वरून मातीने लिंपून ठेवण्याची रीत बसविली. तिला वेळ अधिक लागतो पण श्रम कमी. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत काढली. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून ती 'नाडेप' झाली. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा तिचा विशेष.

आता आपल्या खड्ड्याविषयी. पहिल्या वर्षी दुर्गंधी सुटली, माशा झाल्या, शेजारच्या इमारतीतील आजोबांनी तक्रार केली. ती रास्त होती. चूक माझी होती. चाळीस घरांचा ओला कचरा आम्ही रोज त्यात ओतत होतो: भाताची पेज, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा. आणि अंगणातला आंबा-बदामाचा सुका पाला मात्र शेजारी जाळला जात होता! तेहतीसास एक हे प्रमाण मला तोंडपाठ होते, तरी हे दिसले नाही. नत्र भरपूर, कर्ब धुरात. मग पाला जाळणे बंद केले, पोत्यांत भरून ठेवला आणि ओल्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घातला. जवळच्या गोठेवाल्या मावशी आठवड्याला एक पाटी शेण देतात. पंधरा दिवसांत वास गेला. गेल्या मार्गशीर्षापासून ते आजोबाच आपल्या कुंड्यांसाठी खत नेतात. मात्र सभेत ते फरशीच्या बाजूने बोलणार आहेत, असे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले आहे. त्यांच्या गुडघ्यांना गाडी जवळ उभी करावयास जागा हवी आहे, आणि ते कारणही खोटे नाही.

२०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे सर्वांवर बंधनकारक झाले आहे. तेव्हा खड्डा बुजविला तरी ओल्या कचऱ्याचे काय करावयाचे, हे सभेत कोणीतरी सांगावे, एवढीच माझी विनंती आहे. माझे मत मी लपवून ठेवलेले नाहीच.

सध्याच्या खड्ड्याची तिसरी पालट येत्या रविवारी सकाळी सात वाजता आहे. फावडी दोनच आहेत; ज्यांना यावयाचे असेल त्यांनी घरून घमेले आणावे आणि जुने लुगडे नेसून यावे.